कवटीच्या आतला खळगा

आजच्या निवृत्ती समारंभाच्या अध्यक्षा, व्यासपीठावरचे मान्यवर, सत्कारमूर्ती डॉक्टरसाहेब, पहिल्या रांगेतल्या वहिनी, आणि सगळा जीव चहाच्या टेबलाकडे असूनही माझ्याकडे पाहत असल्याचं दाखवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, नमस्कार.

मी पॅथॉलॉजीवाली. गाठीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहून तिचं नाव सांगणारी. साहेब रेडिओलॉजीचे. तीच गाठ न कापता, एमआरआयच्या चित्रांत वाचणारे. एका गाठीवर दोघांनी बोलायचं म्हटल्यावर भांडण आलंच! दर आठवड्याच्या बैठकीत आमची जुंपायची. मी तोंड उघडलं की यांचा हात वर. "थांबा." सगळं रुग्णालय यांना थांबासाहेबच म्हणायला लागलं. वहिनी, घरीही असंच का हो? बघा, मान हलवताहेत.

आज एकच आठवण सांगते. साहेबांची परवानगी आहे, बऱ्याच आढेवेढ्यांनंतर मिळालेली.

साहेब तेव्हा तरुण होते. एकदा बैठकीत त्यांनी मेंदूची चित्रं लावली. पेशंटचं नाव चिकटपट्टीने झाकलेलं. "कानाच्या वर, मेंदूच्या पृष्ठभागालगत पाण्याची पिशवी आणि तिच्या भिंतीला गाठ. बोला." आम्ही हिरिरीने बोललो. कुणी म्हणालं, लक्षण बरं दिसत नाही. सगळं ऐकून घेऊन साहेब म्हणाले, "दोनदा फिट आली. बायकोला अजून सांगितलेलं नाही. पेशंट मीच आहे."

शस्त्रक्रिया झाली, तुकडा माझ्याकडे आला. काचेवर पाहिलं. अवाढव्य, वेड्यावाकड्या पेशी, एक दुसरीसारखी नाही. अशा पेशी दिसल्या की जे नाव आधी मनात येतं, त्या आजारात माणूस जेमतेम वर्ष-दीड वर्ष काढतो. मी साहेबांच्या खाटेपाशी जाऊन उभी राहिले. डोक्याला पट्टी, चेहरा सुजलेला. त्यांनीच विचारलं, "वाईट?"

"दिसायला तरी."

"थांबा. हाड पाहिलंत? गाठीवरच्या कवटीला आतून खळगा पडलाय. हाड असं झिजायला वर्षं लागतात. घाईतल्या गाठीला एवढी सवड कुठली?"

मला वाटलं, बिचारे काडीचा आधार शोधताहेत. ते त्यांनी ओळखलं. म्हणाले, "बाई, माझं डोकं आहे म्हणून गोड लिहू नका. पण घाबरून कडूही लिहू नका. परत बघा."

परत बघितलं. घाईतल्या गाठीत असतात तशा दुभंगणाऱ्या पेशी शोधल्या, तर जवळपास नव्हत्याच. मेलेला भाग कुठेच नव्हता. चांदीच्या रसायनाने काच रंगवली, तेव्हा एकेका पेशीभोवती बारीक काळी जाळी उमटली. दिसायला राक्षस आणि चालीला संथ अशी ही दुर्मिळ गाठ मी तोवर पुस्तकातच पाहिली होती. शस्त्रक्रियेत ती पूर्ण निघाली होती. मेंदूला किरणं द्यायची नाहीत, नुसतं लक्ष ठेवायचं, असं ठरलं. अहवालावर सही केली आणि मी प्रयोगशाळेतच ढसाढसा रडले.

साहेब, तेव्हापासून मी चित्रं पाहिल्याशिवाय एकाही गाठीवर सही केलेली नाही. त्यामुळे किती घरांतलं विनाकारण रडणं टळलं असेल, कोण जाणे! मी तुमची ऋणी आहे. भांडताना हे कधी म्हणता आलं नाही, म्हणून आज माईकवरून म्हणते.

बोलायची संधी दिलीत, आभारी आहे. भरात काही अधिकउणं बोलले असेन तर सभागृहाने पोटात घालावं. बसण्याआधी वहिनींना मात्र एक शब्द देते. वहिनी, इतकी वर्षं दर तपासणीला तुम्ही बाहेरच्या बाकावर एकट्या बसलात आणि हे आत, स्वतःच्या मेंदूची चित्रं स्वतःच बघत. उद्यापासून चित्रांचा तो पडदा यांचा नाही. पुढच्या वेळी हेही तुमच्याशेजारी बाकावर बसतील. आणि आत काय दिसलं, ते मी बाहेर येऊन आधी तुम्हाला सांगेन.