तिसऱ्या तऱ्हेचा खड्डा

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, विमलबाई काष्टीच्या थांब्यावर श्रीगोंद्याच्या एस.टी.ची वाट बघत बसल्या होत्या. मागच्या बाकावर एक तरणी सून आणि मालीश करणारी म्हातारी बोलत होत्या.

"मावशी, मांड्यांवर मोसंबीच्या सालीवानी खळगे पडलेत. रोग हाय का वो?"

"न्हाई गं. मऊ हायेत का कडक?"

"मऊ. चालताना हालत्यात."

"मग रोज लांब चालत जा. कडक असले तर कोमट तेलानं चोळायचे. कमी हुत्यात, पर समदे जात न्हाईत. त्यानं काय बिघडत न्हाई."

"मग भ्यायचं कशाला?"

"तिसऱ्या तऱ्हेला. पाय सुजतो, बोट दाबलं की खड्डा पडतो आन् तसाच ऱ्हातो. काळीज थकलं की असं हुतं. त्याला मी हात लावत न्हाई. दागदरच पायजे."

विमलबाईंनी लुगड्याचा काठ सारून घोट्याजवळ बोट दाबलं. खड्डा पडला. बराच वेळ झाला तरी तो भरेना.

"तसलं कुनी भेटलंय का तुमाला?" मागं सुनेनं विचारलं.

"ही काय, पुढं बसलीय."

विमलबाई गर्रकन वळल्या. म्हातारीचे दोन्ही डोळे पांढरेफटक होते. तिला काहीच दिसत नव्हतं.

"तुमाला कसं कळलं?" विमलबाईंनी विचारलं.

"मघाशी तू चालत आलीस, तवा ऐकलं. पानी भरलेलं पाऊल येगळं वाजतं, बाई."

गाडी आली. विमलबाई चढल्या नाहीत. पिशवी उचलून त्या दवाखान्याच्या वाटेला लागल्या, आणि सगळ्या वाटेनं त्यांना स्वतःची पावलं ऐकू येत राहिली.