माशाच्या तोंडाचा जावई

साओ पावलोच्या बसथांब्यावर एदिलेनीच्या पुढे मायलेकी उभ्या होत्या. लेकीच्या, म्हणजे ताइनाराच्या, बोटांना निळा स्प्रे लागला होता आणि आई नाक मुरडत होती.

"आधी स्टेशनात रॅपच्या तालावर डोक्यावर गरगर फिरायचीस. आता गल्लीतल्या भिंती! नोकरी कधी करणार गं?"

"आई, भिंती रंगवणं हेच माझं काम आहे."

"आणि काढलंस काय, तर माशाच्या तोंडाचा माणूस, हातात माईक! शेजारीण विचारते, हा कोण?"

"मग काय सांगितलंस?"

"जावई आमचे, म्हटलं."

एदिलेनीला हसू आवरेना.

"काल पालिकेची दोन माणसं आली होती, भिंतीवर फासायला राखाडी रंगाची बादली घेऊन."

"पुसलं चित्र? आई, महिनाभर राबले होते मी!"

"ओरडू नकोस. घामाघूम झाले होते बिचारे. घरात बोलावलं, कॉफी पाजली."

"त्यांना कॉफी पाजलीस?"

"चीजचे पावही दिले. मग एकाच्या बायकोचं बाळंतपण ऐकलं, अगदी पहिल्या कळेपासून. बाहेर येऊन बघतात तर उन्हाने बादलीतल्या रंगावर ही जाड साय!"

"आई..."

"झाकण मीच काढून ठेवलं होतं."

"पण तुला तर तो मासा आवडत नाही!"

"अजिबात नाही. डोळे तिरके काढलेस."

एदिलेनीची बस आली नि गेली. ती रांगेतून हललीच नाही.

"परत येणार आहेत का गं ते?" ताइनाराने विचारलं.

"सोमवारी, म्हणालेत."

"मग?"

"मग काय, जाताना मक्याचं पीठ घेऊ. केक करावा लागेल."