खटक्याचा टॉर्च

नाही हो भाऊ, सेल नवेच आहेत, सेलबद्दल काही म्हणणं नाही माझं — मी खटक्याचं बोलतेय. दाबा बघू. लागला ना? आता सोडा. बघा, लागलेलाच आहे. विझवायचा तर परत दाबावं लागतं. म्हणजे एकदा उजेड पाडायला दोनदा दाबायचं — बरोबर? हे तुम्ही तुमच्या तोंडाने एकदा म्हणा, बाकी मला काही नको. म्हणजे हवाय, दुसरा टॉर्चही हवाय, पण आधी हे म्हणा. बरं, नका म्हणू, आधी दुसरे दाखवा. घाई आहे हो मला, ती बाहेर पांढरी गाडी उभी आहे ना, तिच्यात माझा मुलगा बसलाय, सेल घेऊन येते असं सांगून आलेय त्याला.

तो काढा बरं, वरच्या खणातला. हा सरकवायचा — नको, ह्याला नखाने ढकलावं लागतं, आणि निम्म्यात अडकला की मिणमिण करत बसतो, लागलाही नाही अन् विझलाही नाही. तो पिवळा? बघू. रबरी बटण. मऊ आहे, पण दाबलं गेलं की नाही ते अंगठ्याला कळतच नाही, कणकेच्या गोळ्यात बोट घातल्यासारखं. अंगठ्याला कळलं पाहिजे हो. बघून बघून दाबायचं असेल तर टॉर्च कशाला हवा, असं हे म्हणायचे. आणि हा, बुडाला बटण असलेला — काय तो रुबाब, नाव सोनुबाई अन् हाती कथलाचा वाळा, बटण एवढं कडक की माझाच अंगठा दुखला. ज्याच्या हातात जोर आहे त्याने घ्यावा. थट्टा नाही करत मी, भाऊ, रडू आलं की मी अशी बोलते, घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

मला कसं कळतं? अहो, जन्म गेला ह्यांचा टॉर्चवर. आमचे हे थिएटरात होते, अंधारात लोकांना खुर्च्या दाखवायच्या कामावर. टॉर्चमास्तर म्हणायचे सगळे. टॉर्च घ्यायला गेले की दुकानदार कंटाळायचा — काच बघणार नाहीत, उजेड बघणार नाहीत, डोळे मिटून नुसतं बटण दाबत उभे. दाबलं की लागला पाहिजे, सोडलं की विझला पाहिजे, आणि आवाज नको. सिनेमात कुणी रडत असलं अन् आपला खटका वाजला तर त्याच्या रडण्याचा विचका होतो म्हणायचे. दाराशी जो सोबती असायचा त्याला खुणासुद्धा टॉर्चनेच. एकदा लुकलुकला तर जागा आहे, पाठव. दोनदा लुकलुकला तर नाही, पाठवू नकोस. ह्या खुणेत त्यांची कधी चूक झाली नाही, एकाच्या मांडीवर दुसऱ्याला बसवलं नाही कधी.

मग अर्धांगाचा झटका आला. वाचा गेली, उजवी बाजू गेली, डाव्या हाताचा अंगठा तेवढा राहिला. तेव्हा हीच खूण आम्ही घरात आणली. पाणी हवं का — एकदा, म्हणजे हो. कुशीवर वळवू का — दोनदा, म्हणजे नाही. समोरच्या भिंतीवर उजेड पडायचा, मला स्वयंपाकघरातूनही दिसायचा. भांडायचोसुद्धा आम्ही, खरं सांगते, मी फार बडबडायला लागले की नाही-नाही-नाही, भिंतभर. पुढे तो जुना टॉर्च गेला, स्प्रिंगच बसली त्याची, आणि मुलाने हा आणून दिला, हा खटक्याचा.

आता मुलगा म्हणतो, बाबांना तिकडे ठेवू, अशी माणसं सांभाळतात त्या संस्थेत. वाईट नाही हो तो. त्याने बघितलं ना मला न्हाणीघरात — ह्यांना उचलायला गेले ती खाली बसले, उठताच येईना, दोघंही ओल्या फरशीवर, आणि हे नुसते माझ्याकडे बघतायत. तेव्हापासून कमरेला पट्टा आहे, हा बघा. मुलगा म्हणाला, आई, त्यांनाच विचार. विचारलं. आज सकाळीच, चहा पाजून, तोंड पुसून. म्हटलं, तुम्हाला तिकडे पाठवू का? उजेड पडला, घड्याळाच्या खाली. मग विझला. मी थांबले. दुसऱ्यांदा पडेल म्हणून किती थांबले, भाऊ, शेवटी मुलगाच म्हणाला, झालं आई, हो म्हणाले ते. पण ह्याला दोनदा दाबावं लागतं ना — लावायला एकदा, विझवायला एकदा? मी मोजते उजेड. ते दाबणं मोजत असतील. अंगठा त्यांचा जुन्या बटणाच्या सवयीचा, दोनदा दाबलं असेल त्यांनी, नाही म्हणाले असतील, आणि आम्ही मायलेकांनी हो धरून पिशवी भरली. शेजारीण बसलीय त्यांच्यापाशी. दुपारनंतर न्यायचंय त्यांना.

काय म्हणालात? हा कधीपासून आहे त्यांच्याकडे? उन्हाळ्याच्या आधीपासून. हो — ह्याच्यावरही नीट उत्तरं देतात. पाण्याला एकदा. वळवण्याला दोनदा. नाही हो, चुकले नाहीत कधी. आता ताकाला जाऊन भांडं कशाला लपवू, ते काय म्हणाले ते मला ठाऊक आहे. ह्या पट्ट्याकडे बघत म्हणाले. माझ्यासाठी म्हणाले. आणि सांगू का, उजेड विझला तेव्हा मला बरं वाटलं. तेवढ्यापुरतंच, पण वाटलं, कंबरेतून काहीतरी सैल झाल्यासारखं. त्यांनी माझं तोंड बघितलं आणि डोळे मिटून घेतले. ते बघून मिटले, की दमले म्हणून मिटले? कसं विचारू मी? असल्या प्रश्नाला एकदा-दोनदा पुरत नाही.

हा कोणता आणि? द्या. अगं बाई — दाबला की लागतोय, सोडला की विझतोय. आवाजही नाही. अगदी त्यांच्या जुन्यासारखा, अंगठ्याला बरोबर कळतंय. हाच शोधत होते मी, भाऊ, हाच. हा न्यायचा, त्यांच्या हातात द्यायचा, परत विचारायचं, आणि मग जे येईल ते —

नको. ठेवा परत. ह्यात चुकायला जागाच नाही हो. परत विचारलं तर परत एकदाच लावतील ते, ओळखते मी त्यांना, थिएटरात स्वतः पायरीवर बसून दुसऱ्याला स्टूल देणारा माणूस. माझा तो खटक्याचाच द्या. वाईट आहे, वाजतो, पण त्याच्यावर अजून ते नाही म्हणाले असं म्हणता येतं. कंबरेचं बघेन मी. मदतीला बाई ठेवेन, न्हाणीघरात न्यायचं बंद करेन, पलंगावरच अंग पुसेन. जाऊ नाही द्यायचं मला त्यांना. एवढ्या वर्षांत त्यांनी कुणाला उभं ठेवलं नाही आणि मी त्यांनाच घरात जागा नाही म्हणू?

आला बघा तो. एवढा वेळ सेलला लागत नाही, कळलंच असेल त्याला. तुम्ही खोटं बोलू नका, खोटं बोला असं मी म्हणतच नाहीये, जेवढं खरं आहे तेवढंच सांगा. ये रे, ये. हे बघ, हे दुकानदार काय म्हणतात ते ऐक जरा, त्यांचा रोजचा धंदा आहे हा. अरे, चिडतोस काय, ऐक तर खरं. सांगा हो भाऊ ह्याला, हा टॉर्च एकदा लुकलुकवायचा तर कितीदा दाबावं लागतं? हं, घ्या, हातात घ्या. दाबून दाखवा.

भाऊ?