काकूंच्या गाडीचं गॅसकेट

काय सांगू तुम्हाला, मला एका जागी बसवत नाय, म्हणून उभ्यानंच सांगते. मी मूळची फुलंब्रीकडची. बाप शेतकरी, आई लोकांचे ब्लाऊज शिवायची, कागदावर माप काढून कापायचं तिच्यापाशीच शिकले. लगीन झालं मेकॅनिकाशी, मग पुंडलिकनगरात गॅरेज टाकलं. आमचे हे इंजन खोलतात, गॅसकेट मी जाड कागदातनं कापते. गॅसकेट म्हंजे इंजनाच्या दोन लोखंडांमधला पातळ थर, तो गेला की पाणी तेलात आन् तेल पाण्यात, गाडी खलास.

तर आमच्या गल्लीतले काका. रिटायर माणूस, गाडी लई जुनी, कंपनीनं ते मॉडेलच बंद केलेलं. पोरगा म्हणायचा भंगारात द्या, माझी नवी हाय की. पण काकूंना विसरायचा आजार. नव्या गाडीपाशी नेलं की फाटक धरून ओरडायच्या, मी परक्याच्या गाडीत बसत नाय, मला सोडा. जुनीत मात्र पदर आवरून आपल्या आपण बसायच्या. दवाखान्यात न्यायचं तर तीच गाडी पाहिजे, आन् तिचंच हेडचं, म्हंजे इंजनाच्या वरच्या झाकणाखालचं, गॅसकेट उडालं.

काकांनी सगळी दुकानं पालथी घातली, कुठं मिळंना. मला म्हणले, पोरी, तू काढशील का कापून? मी व्हय म्हणून बसले. आमचे हे भडकले, हेडचं हाय ते, केवढा जाळ सोसायचा त्याला, कागदाचं काम नाय. म्हणलं, मग तांब्याचं करू.

गुलमंडीच्या बाजारातनं पत्रा आणला, दुकानदार इचारतो घागर करायची का ताई. पत्रा लाल तापवून पाण्यात बुडवला, तसा तो मऊ व्हतो. जुन्या गॅसकेटचे तुकडे झालेले, ते कागदावर जुळवले. त्यात पाण्याची पुढची भोकं बारीक, मागची मोठी, आन् इंजनावर बघते तर सगळी सारखीच मोठी. मला वाटलं गंजानं बुजली असतील. शिवणाऱ्या आईची लेक मी, अंगावर जसं माप तसंच कापायचं! इंजनावर कागद ठेवला, तेलाचा हात फिरवला, छाप उठली, आन् सगळी भोकं मोठी पाडली.

गाडी चालू झाली. आवाज ऐकून काकू घरातनं आल्या आन् बसल्याबी. काका हसायले. तेवढ्यात गरमीचा काटा वर चढला, वाफ निघाली, पाणी नुसतं उकळायलं. काकूंना खाली उतरवलं तर त्या इचारायल्या, आलं का गाव? मला रडूच फुटलं.

मग मला अन्न गोड लागंना. कापते, टाकते, उगं ह्यांच्यावर खेकसते. अशात भावाचा फोन आला, कापसाला पाणी देत व्हता, म्हणला शेवटच्या सरीला पाणी पोचंना म्हणून पहिल्या सऱ्यांची तोंडं बारीक करायलो. मी फोन तसाच ठेवला. अगं बाई! पाण्याचा पंप इंजनाच्या पुढच्या अंगाला, पुढची भोकं मोठी केली तर सगळं पाणी तिथनंच वर जातंय, मागं कोरडं. ती भोकं बुजलेली नव्हती, मुद्दाम बारीक ठेवलेली. जुन्या तुकड्यांच्या मापानं दुसरं कापलं, ह्यांनी बसवलं. फुलंब्रीपर्यंत गेलो. काका चालवायले, काकू शेजारी, मी मागनं काकांच्या खांद्यावरून काटा बघत. काटा मधीच. काकूंना झोप लागली.

आता चालतीय गाडी. तरी माझ्या जिवाला चैन नाय, गल्लीत ती थांबली की मी बाहेर पळते. परवा काकांना म्हणले, पत्रा उरलाय, एक जास्तीचं कापून ठेवते. काका काकूंकडं बघत राहिले. मग म्हणले, नको गं पोरी, हे एक पुरंल आता.

मला असा राग आला! पुरंल म्हंजे काय? मी ऐकत नसते. कापलंय, हे बघा, भिंतीला टांगलंय. पहिलं झिजू दे, जळू दे, आन् हे लागू दे.