बोटींची परीक्षा

पास्कल : टीचरने डोळे तपासायची चिठ्ठी दिली म्हणून पोरीला आणली, मॅडम. न्हायतर नजर पक्की हाय तिची. आमच्या पालीच्या किनाऱ्यावर कुठली बोट येतेय ते व्हेनेसा सगळ्यांच्या आधी सांगते. रोज संध्याकाळी मी परीक्षा घेतो.

डॉ. संपदा : व्हेनेसा, एवढ्या लांबून कसं ओळखतेस गं?

व्हेनेसा : आवाजावरून. गेविन अंकलचं इंजिन खोकतं. आमचं न्हाय खोकत.

पास्कल : आणि बोटीवरचं नाव?

व्हेनेसा : बोटीवर नाव असतं?

(डॉ. संपदा व्हेनेसाचे डोळे तपासतात.)

डॉ. संपदा : दोन्ही डोळ्यांना नंबर आहे. डाव्याला बराच. मेंदू त्याच्याकडून काम घेईनासा झालाय.

पास्कल : कधी बोलली न्हाय, दिसत न्हाय म्हणून.

डॉ. संपदा : कशी बोलेल? तिला वाटतं सगळ्यांना असंच दिसतं. म्हणून तर मूल तक्रार करो न करो, तीन-चार वर्षांचं झालं की दाखवायचं. मग दर वर्षी. घरात कोणाला चष्मा?

पास्कल : हिच्या आईला, लिनेटला. लहानपणापासून, जाड भिंगाचा. ती बोलायची, पोर चार वर्षांची झाली की दाखवू. तेव्हा आम्ही लिनेटलाच घेऊन हॉस्पिटलात होतो. ती गेली, मग हे राहूनच गेलं. आता सहा पूर्ण झाली. डोळा गेला काय?

डॉ. संपदा : गेला नाही. आणखी दोन-तीन वर्षं घालवली असती तर अवघड होतं. आता चष्मा लावायचा, आणि रोज दोन तास उजव्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे डाव्याला काम करावं लागेल. पट्टी चुकवू नका.

पास्कल : मी स्वतः लावीन.

डॉ. संपदा : टीव्ही जवळून बघते?

पास्कल : टीव्ही न्हाय. स्टुलावर चढून लिनेटच्या फोटोला नाक लावते. मला वाटायचं, आठवण येते म्हणून.

डॉ. संपदा : आठवण तर येतच असेल. व्हेनेसा, ही भिंगं घालून बघ. समोर काय आहे?

व्हेनेसा : कॅलेंडर. डॅडी, चष्मा आला की खालूनच मम्मी दिसेल?

पास्कल : दिसेल गो.

व्हेनेसा : मग स्टूल काढून ठेवायचं?

पास्कल : राहू दे. मी बसतो त्यावर, तू झोपलीस की.