सांगणाऱ्याचा सत्कार करू नये

माधवराव, तुम्ही ताईंच्या घरचे, तुम्ही बसा. माझ्यासाठी उठू नका. अण्णासाहेब, शिक्षक मंडळी, आणि जागा नाही म्हणून बाहेर पायऱ्यांवर उभे राहिलेले तुम्ही सगळे, नमस्कार.

मला अशा ठिकाणी बोलता येत नाही. सगळी नोकरी पोलिसात गेली. पंचनामा सांगायचा असेल तर सांगतो, त्यात अडखळत नाही. पण शैलजाताई गायधनी गेल्या, हे एवढंसं वाक्य परवा सकाळी घरात बायकोला नीट सांगता आलं नाही मला.

खरं तर मी बोलणारच नव्हतो. मागच्या खुर्चीवर बसून, फोटोला फूल वाहून, निघून जाणार होतो. पण मघाशी अण्णासाहेबांनी जाहीर केलं की ताईंच्या नावाने त्यांची संस्था दर वर्षी एक पुरस्कार देणार. ज्या मुलाने किंवा मुलीने शाळेतला धोका वेळेत शिक्षकांच्या कानावर घातला, त्या मुलाला सव्वीस जानेवारीला मंचावर बोलावून मानपत्र, पदक, वर्तमानपत्रात फोटो. शोकसभेत टाळ्या वाजवत नाहीत, तरी काही हात वाजलेच. ते मी ऐकलं आणि उठलो. हा पुरस्कार देऊ नका, एवढंच मागायला मी उभा आहे. का देऊ नका, ते सांगतो. थोडा वेळ द्या.

नव्वदच्या दशकात मी दिंडोरीकडे फौजदार होतो. तिथल्या एका शाळेत नववीतल्या एका मुलाने दुसऱ्याला मारलं. द्राक्षाच्या छाटणीची कात्री होती. मोठ्या सुट्टीत, पाण्याच्या टाकीमागे. दवाखान्यात नेईपर्यंत मुलगा गेला. तपास माझ्याकडे होता. एकेका पोराला जवळ बसवून विचारलं, तेव्हा कळलं काय? कात्री बरेच दिवस दप्तरात होती. अर्ध्या वर्गाला माहीत होतं. कुणाला मारायची आहे, तेही माहीत होतं. आणि एकानेही कुणाला सांगितलं नव्हतं.

त्यानंतर ताईंनी आम्हाला एकत्र आणलं. ताई तेव्हा अध्यापक महाविद्यालयात मानसशास्त्र शिकवायच्या. त्यांनी मला बोलावलं, मुलांचे एक डॉक्टर बोलावले, एक अनुभवी मुख्याध्यापक बोलावले. शाळेतली हिंसा कशी थांबवायची, याची एक मार्गदर्शिका लिहायची. पण मनाने लिहायची नाही, आधी मुलांकडून समजून घ्यायचं आणि मग लिहायचं, ही त्यांची अट.

पहिल्याच बैठकीत आमचं जमेना. मी म्हणालो, रोज दप्तरं तपासा. हेडसर म्हणाले, शिस्त सैल झाली आहे, ती आवळा. डॉक्टर म्हणाले, मुलांचं डोकं कसं चालतं ते आधी पालकांना शिकवा. ताईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "तुम्ही तिघं घटना घडल्यानंतर येणारी माणसं आहात. मला आदल्या दिवशीचा माणूस हवा आहे." आम्ही विचारलं, तो कोण? म्हणाल्या, "वर्गातलं पोरगं. त्याला सगळं आदल्या दिवशी माहीत असतं."

मग आम्ही फिरलो. दिंडोरी, कळवण, सटाण्याची बाजू. सीबीएस स्टँडवरून सकाळची एसटी पकडायची. ताईंचा मला हुकूम होता, युनिफॉर्म घरी ठेवा आणि मिशीवर हात फिरवू नका. शाळेत गेल्यावर त्या आधी शिक्षकांना वर्गाबाहेर काढायच्या, मग जमिनीवर बसायच्या. माझ्या गावी, नामपूरला गेलो तेव्हा माझा उपयोग झाला, कारण ताईंना अहिराणी येत नव्हती. तिथे एका मुलाचं डोकं फोडलं होतं. त्याचा शेजारी म्हणाला, "माले माहीत व्हतं. पन सांगू कोनले?" ताईंनी मला अर्थ विचारला. मी सांगितला, माहीत होतं, पण सांगू कुणाला. परतीच्या एसटीत त्यांनी ते वाक्य वहीत उतरवून घेतलं.

शाळेशाळेत हेच ऐकलं. सांगितलं तर ती चहाडी. सांगणारा चहाडखोर. आणि सर काय करतात? दोघांना वर्गापुढे उभं करतात आणि विचारतात, हा म्हणतो ते खरं का रे? झालं. त्या पोराचं त्या शाळेतलं आयुष्य संपलं. तुमच्यातल्या किती जणांनी हे केलं आहे? हात वर करू नका. मी पोलीस ठाण्यात हेच करत होतो.

म्हणून मार्गदर्शिकेत ताईंनी पहिलं कलम लिहिलं. मुलांना सांगू द्या, आणि सांगणाऱ्याला वर्गापुढे उभं करू नका. आम्हाला वाटलं, जमलं. ताई शाळांमध्ये जाऊन मुलांना म्हणू लागल्या, काही दिसलं, काही ऐकलं, तर मोठ्यांना सांगा. मुलांचा त्यांच्यावर विश्वास बसायचा. तुम्ही त्यांना पाहिलंच आहे, त्या बोलत कशा होत्या.

आता जे सांगतो, त्यातलं गाव सांगणार नाही. शाळा सांगणार नाही. एका मुलीने सांगितलं. काही मोठी पोरं एका मुलाला घरी जाताना ओढ्यात गाठून सायकलच्या चेननी मारणार होती. तिने बाईंना सांगितलं, बाईंनी हेडसरांना सांगितलं, आणि तो मुलगा वाचला. अगदी आम्ही लिहिलं होतं तसं. त्या शाळेचे हेडसर भले माणूस होते. त्यांनी आमच्या मार्गदर्शिकेचा मसुदा वाचला होता, त्या मुलीला कुणी रागावलं नाही, कुणापुढे उलटतपासणी केली नाही. त्यांना फक्त वाटलं, पोरीने एवढं चांगलं काम केलं, तर तिचं कौतुक व्हायला नको? आपल्याकडे चांगलं काम केलं की काय करतात? सत्कार करतात. सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झाल्यावर त्यांनी तिला मंचावर बोलावलं. काय केलं ते माईकवरून सांगितलं. सरपंचांच्या हस्ते पुष्पगुच्छ दिला. सगळ्या शाळेने टाळ्या वाजवल्या. त्या पोरांनीही वाजवल्या.

फेब्रुवारी उजाडला नव्हता. त्याच ओढ्यात तिला गाठलं. हात मोडला होता. बाकीचं मी इथे बोलणार नाही. आमचे डॉक्टर समोर बसले आहेत, त्यांनाही कुणी विचारू नका.

ताई आणि मी तिच्या घरी गेलो. वडील ओट्यावर बसले होते. आवाज चढवला नाही त्यांनी. एवढंच म्हणाले, "ताई, पोरांना तुमीच सांगितलं व्हतं ना, सांगत जा म्हनून? माझ्या पोरीनं सांगितलं." आमच्या बैठकीत ताई कुणाचंच चालू द्यायच्या नाहीत. त्या दिवशी त्या माणसासमोर ताई हात जोडून उभ्या राहिल्या. मला ते बघवलं नाही. मी अंगणात जाऊन उभा राहिलो.

मुलीची शाळा बंद झाली. ताई तिच्याकडे जात राहिल्या. घरी शिकवून तिला बाहेरून दहावी करवली. आणि मार्गदर्शिकेत एक वाक्य घातलं. सांगणाऱ्या मुलाचा सत्कार करू नये. त्याच्या खाली लिहिलं, नाव घेऊ नये, टाळ्या वाजवू नयेत. आणि एक साधी रीत सुचवली. वह्या गोळा करून शिक्षकांच्या खोलीत नेण्याची पाळी रोज वेगळ्या मुलाला द्या. सगळी मुलं आत जातील, सगळी बाहेर येतील. कोण वह्या ठेवायला गेलं आणि कोण सांगायला, ते कुणालाच कळणार नाही.

छापायला देताना शिक्षण खात्याच्या वरच्या कार्यालयाने ते वाक्य काढलं. म्हणे, सत्कार करू नये हे कसलं मार्गदर्शन? मुलांना प्रोत्साहन नको? सकारात्मक लिहा, बाई. ताई भांडल्या. मी सोबत होतो, मीही भांडलो. वाक्य गेलं ते गेलंच. छापील प्रती आल्या, तेव्हापासून ज्या प्रशिक्षणाला जातील तिथे त्या प्रत्येक प्रतीत ते वाक्य स्वतः पेनने लिहायच्या. शिक्षक हसायचे. काही जण म्हणायचे, बाईंना सत्काराचं एवढं वावडं का? त्यांनी कुणालाही कारण सांगितलं नाही. कारण सांगायचं तर मुलगी सांगावी लागली असती. आज मी सांगतो आहे, पण तिचं तिच्यापाशी राहील एवढंच सांगतो आहे.

वह्यांची पाळी ज्या शाळांनी लावली, तिथे काय झालं, असं कुणी विचारेल. मला माहीत नाही. न घडलेल्या गोष्टीचा पंचनामा होत नाही. ताईंचं सगळं काम तसलंच होतं, म्हणून त्यांच्या हातात कधी काही दिसलं नाही.

अण्णासाहेब, तुमचं मन मोठं आहे. मला ठाऊक आहे, तुम्ही प्रेमाने जाहीर केलंत. पण ताईंच्या फोटोखाली त्यांच्याच नावाने तेच होणार असेल, तर मी हात जोडतो. द्यायचंच असेल तर शाळांना ते वाक्य छापून द्या. उत्तर आत्ता देऊ नका. घरी जाऊन विचार करा.

ती मुलगी आज इथे आली आहे का, हा प्रश्न तुमच्या मनात आला असेल. बघा, आत्ताच काही माना वळल्या. वाईट हेतूने वळल्या नाहीत, मला कळतं. त्या हेडसरांचाही हेतू वाईट नव्हता.

आता आपण उभे राहू. डोळे मिटा. मी सांगेपर्यंत उघडू नका. ज्याला कुणाला न दिसता निघायचं असेल, तो तेवढ्यात निघेल. आणि उघडल्यावर मागे वळून कुणी कुणाकडे बघू नका. सरळ दाराने घरी जा.

ताई, नमस्कार करतो.