सात बटणांचा कोट

कस्टमच्या पार्सल खिडकीसमोरच्या रांगेत बाळाच्या आईला एकच घोर होता. तासभर थोपटल्यावर खांद्यावरचं बाळ आत्ता कुठे झोपलं होतं, आणि पुढचे आजोबा खिडकीतल्या बाईंशी हुज्जत घालत होते.

“आजोबा, तिन्ही चित्रं एकसारखी आहेत. छापील दिसतायत.”

“छापील? अहो, माझ्या ताईने हाताने काढलीत! परदेशातून पाठवलीत.”

“हाताने काढलेलं एका सदरात जातं, छापील दुसऱ्या. डोळे झाकून कसं लिहू?”

“मग उघडून बघा की!”

“तिन्हींत तुम्हीच आहात. तोच कोट, त्याच मिश्या... थांबा हं. इथे कोटाला पाच बटणं. इथे सात. आणि इथे सहा!”

“ताई गणितात पहिल्यापासून कच्ची.”

“छापखाना असा चुकत नाही. चला, ‘हाताने काढलेली चित्रं’ लिहिते.”

“आणि शिक्का ठसठशीत मारा बरं का. ताईला फोटो पाठवायचाय. सत्तरी उलटली, पण तिला कुणी कधी चित्रकार म्हटलं नाही.”

“तुम्ही तरी म्हणायचं.”

“मी? मी तर जन्मभर रेघोट्याच म्हणत आलो.”

बाईंनी शिक्का उचलला, पण मागे उभ्या आईच्या खांद्यावर झोपलेलं बाळ पाहून हात आखडला.

“हळूच दाबते. बाळ उठेल.”

“उठू दे हो,” बाळाची आई म्हणाली. “चांगला जोरात मारा.”